मीठ वाढलं

हौसाबाई कधी दारात थांबत नाही. रस्त्यावरूनच ओरडते, "ए नेसरीची, आटप की," आणि माझी वाट न बघता पुढं चालू लागते. त्या दिवशी मात्र ती आत आली, भिंतीला टेकून बसली आणि पाणी मागितलं. मी तांब्या पुढं केला. तिनं तो नुसताच हातात धरून ठेवला. "अक्का गेल्या," म्हणाली. "सकाळी लिंगपूजेला बसलेल्या, उठल्याच न्हाईत..." मी तव्याखालचा गॅस बंद केला. नेहमीच्या वेळेला निघायचं तर निघायचं कुठं, हेही कळेना. मग हौसाबाई म्हणाली, "आज घाणा लावायचा का न्हाई, हे आता कुणाला इचारायचं गं?" आणि तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी हौसाबाईला रडताना बघितलं नव्हतं. ती भांडायची, हसायची, पण रडायची नाही.

आमच्यात अग्नी देतात, अक्कांच्या लिंगायतांच्यात बसवून माती देतात. आम्ही सगळ्या बायका त्यांच्या दारात उभ्या होतो. फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे पालखीत, अक्कांना बसवलं होतं, कपाळभर विभूती. हौसाबाई माझ्या कानाला लागली, "कामाला बसल्यागतच दिसत्यात बघ." खरंच तशाच दिसत होत्या. आता कुणाला तरी हाक मारतील आणि कांदा नीट भाजला नाही म्हणून रागावतील, असं वाटत होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. मला चारचौघांत बोलता येत नाही. भेटायला गेले तेव्हाही अक्कांच्या मालकांसमोर नुसती बसून आले. मनातलं मनातच राहिलं, म्हणून दुपारची कामं उरकल्यावर थोडं थोडं लिहिते आहे.

अक्कांचं माहेर चिकोडीकडचं, बोली कानडी. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि मराठी शिकल्या ती इथल्या बाजारात, त्यामुळं तिखटच शिकल्या. फार राग आला किंवा फार माया आली की कानडी निघायची. त्यांचे मालक, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात मिरचीचा व्यापार करायचे. अण्णा मिरची विकायचे आणि अक्का घरी चटणी करायच्या. कोल्हापुरात आम्ही चटणी म्हणतो ते कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट. त्यावरच आमटी, रस्सा, सगळं चालतं. नातेवाईक न्यायचे, मग नातेवाइकांचे शेजारी न्यायला लागले, आणि नव्वद सालानंतर कधीतरी अक्कांनी कळंब्याच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड घेतली. मी नेसरीहून लग्न होऊन आलेली. आमचे हे फौंड्रीत कामाला. हौसाबाई आमच्या गल्लीतली, तिनं मला मिरचीचे देठ खुडायला त्या शेडमध्ये नेलं. पहिल्या दिवशी अक्कांनी नाव विचारलं तर माझ्या तोंडातून आवाज फुटेना. हौसाबाई म्हणाली, "नेसरीची हाय, बोलत न्हाई, पर हात चालतोय." अक्का म्हणाल्या, "हात चालू दे. तोंडं हितं लई हाईत." तेव्हापासून मी नेसरीचीच झाले.

आमचं काम घाण्यावर चालायचं. भज्यांचा कसा घाणा काढतात, तसा चटणीचा घाणा. मिरची, धणे, खोबरं, तीळ भाजायचं, कांदा-लसूण तळून घ्यायचं, मीठ घालायचं, डंकावर कुटायचं आणि भरायचं. एक घाणा उतरला की दुसरा. किती मिरचीला किती मीठ, हे अक्कांच्या हातात होतं. त्या हात घालतील तेवढं मीठ. आणि चव त्यांच्या जिभेवर. रोज घरातून ज्वारीच्या भाकरीचा चतकोर पांढऱ्या फडक्यात बांधून आणायच्या, त्याला गरम चटणी लावायच्या, आणि आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून खायच्या. का, म्हणून हौसाबाईनं एकदा विचारलं. म्हणाल्या, "तुमची तोंडं बघितली की मला तुमचीच चव लागती. एक भितीय, एक हसतीय. भिंत बरी, भिंतीला काय चव न्हाई."

असं बरीच वर्षं चांगलं चाललं. मग एका दमट मोसमात गावोगावच्या दुकानांतून तक्रारी आल्या, पाकिटं उघडली की आत पांढरी बुरशी. कुठल्या घाण्यात ओल राहिली ते कुणाला सांगता येईना. पाकिटं सगळी सारखी, त्यांवर तारखेचा शिक्का तेवढा, आणि एका तारखेला आम्ही अनेक घाणे काढायचो. चांगली कुठली, वाईट कुठली, कसं ओळखणार? शेवटी होती नव्हती तेवढी पाकिटं टेंपोनं परत आणली. शेडच्या मागं खड्डा काढला आणि आम्हीच ती फोडून फोडून त्यात ओतली. निम्म्याच्या वर चटणी अशी होती की नुसत्या वासानं भूक लागावी. अक्का खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. डोळ्यांना पाणी होतं, पण मिरचीच्या धंद्यात ते कुणाला वेगळं दिसत नाही. अण्णा आमच्यासमोरच त्यांना म्हणाले, "आणि एकदा असा माल परत आला, तर शेड गुळाच्या व्यापाऱ्याला भाड्यानं देणार. मग मला काय म्हणायचं न्हाई." अण्णा मोठ्यानं बोलायचे, पण बोललेलं करायचे. त्या दिवशी घरी जाताना आम्ही बायका वाटेत कुठं थांबलो नाही. कुणाचा नवरा घरी बसलेला, कुणाला नवराच नाही. शेड गेली की आम्ही परत लोकांच्या दारात धुण्याभांड्याला जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

अक्का मात्र त्या खड्ड्याचं मनात धरून बसल्या. त्यांच्या एका नातेवाइकाचा निपाणीकडं बिस्किटांचा कारखाना होता. तिथं कॉम्प्युटरवर प्रत्येक घाण्याला नंबर देतात, त्यात काय काय पडलं आणि तो कुठं कुठं गेला, हे सगळं त्यात राहतं, असं त्या बघून आल्या. एक घाणा बिघडला तर तेवढाच परत आणता येतो. हे ऐकल्यापासून त्यांनी अण्णांना स्वस्थ बसू दिलं नाही. शेवटी अण्णा वैतागून म्हणाले, "आण बाई तुझी ती पेटी. चटणी कुटती का बघू."

पेटी आली आणि तिच्याबरोबर सुहास आला. प्रोग्रॅम बनवणारा. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. त्याचे वडील नोकरीनं मद्रासला होते, तो तिथंच वाढलेला. घरात मराठी बोलायचे, पण ती पुस्तकातल्यासारखी. पहिल्या दिवशी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि शिंकायला लागला तो थांबेचना. हौसाबाई त्याला नाकाला खोबरेल तेल लावायला सांगत होती आणि तो "आभारी आहे, आभारी आहे" म्हणत शिंकत होता. काचेची खिडकी असलेली एक छोटी खोली त्याच्यासाठी केली. अक्का त्याला आतून सांगायच्या, मीठ अंदाजानं, तीळ बेताचे. तो म्हणायचा, "अंदाज म्हणजे किती किलो?" मग अक्कांनी आपला अंदाज तागडीवर घालून दाखवला. हात घालायच्या, मीठ काढायच्या, तो वजन करायचा. सगळे अंदाज जवळजवळ सारखेच निघाले तेव्हा अक्का स्वतःच चकित झाल्या. "बघा की, मला ठावंच नव्हतं," म्हणाल्या.

त्यानं पडद्यावरचे शब्द मराठीत करून दिले होते. कांदा तळला की वजन कमी होतं, त्या रकान्याला त्यानं घट असं नाव दिलं. खिडकीतून विचारायचा, "कांद्याची घट किती?" हौसाबाई म्हणाली, "घट नवरात्रात बसतोय, सायेब. आता कुठला घट?" सगळ्या हसल्या. तोही हसला, पण त्याला कळलं नव्हतं. तो खिडकीपाशी बसायचा, आम्ही आतून ओरडून सांगायचो, आणि तो लिहून घ्यायचा. मी सोडून सगळ्या ओरडायच्या. अक्काही हळूहळू शिकल्या. एका बोटानं अक्षर शोधायच्या, सापडलं की त्याच्यावर मिरची खुडल्यासारखं बोट दाबायच्या. वीज गेली की पेटी किरकिर करायची, आणि अक्का तिला कानडीत समजावायच्या. सुहासनं त्या अक्षरांच्या फळीवर प्लॅस्टिकचं झाकण घातलं होतं, तरी ते आठवडाभरात लाल व्हायचं.

अशी घडी बसली असताना अक्का माहेरच्या एका लग्नाला गेल्या. सकाळी जाताना सांगून गेल्या, घाणा ठरल्याप्रमाणं लावा, सुहास आहे. आम्ही लावला. मीठ घालायची वेळ आली तेव्हा निम्मं पडलं आणि पोतं रिकामं झालं. मागं बघितलं तर दुसरं पोतं आणलेलंच नव्हतं. हौसाबाई खिडकीकडं तोंड करून ओरडली, "सायेब, मीठ वाढलं."

हे वाचणाऱ्याला सांगायला नको, पण त्या दिवशी सुहासला सांगायला हवं होतं. घरातलं मीठ, तांदूळ, कुंकू कधी संपलं म्हणायचं नसतं. वाढलं म्हणायचं. सुहासला हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं ऐकलं, मीठ वाढलं, म्हणजे जास्त झालं. चष्मा वर करून त्यानं पडद्यावर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "असू द्या. आता आणखी घालू नका. तेवढंच राहू द्या."

आम्ही एकमेकींकडं बघितलं. एकजण म्हणाली, "निम्मंच पडलंय की गं." हौसाबाई म्हणाली, "त्यानं मशिनीत बघून सांगितलंय. तुझ्यापेक्षा मशिनीला कळतंय." दुसरी म्हणाली, "आता काय बाई, बिनमिठाचं खाऊन माणसं लई जगत्यात म्हणत्यात शहरात." आणि तो घाणा तसाच कुटला, भरला आणि गेला. अक्का नव्हत्या, म्हणून भाकरीचा चतकोरही आला नव्हता.

मीठ कमी पडलं की चटणी टिकत नाही. थोड्याच दिवसांत पन्हाळ्याच्या एका दुकानदारानं बुरशी आलेलं पाकीट अण्णांच्या दुकानात आणून टाकलं. अण्णा ते पाकीट हातात घेऊनच शेडमध्ये आले. अक्कांच्या पुढ्यात ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. आम्ही डंक बंद केला, आणि शेडमध्ये एवढी शांतता झाली की चिमण्या ऐकू यायला लागल्या. गुळाचा व्यापारी काय, अण्णांनी मनानं त्याला किल्लीसुद्धा दिली असणार.

अक्कांनी पाकीट उलटं केलं. खाली घाण्याचा नंबर होता. त्या काचेच्या खोलीत गेल्या, सुहासला उठवलं आणि स्वतः बसल्या. एक बोट, एक आकडा... आम्ही सगळ्या खिडकीला चिकटलो होतो. पडद्यावर तो एकच घाणा आला. कुठल्या दिवशीचा, किती पाकिटं, कुठल्या कुठल्या दुकानात. दुकानं मोजकीच होती, सगळी पन्हाळ्याच्या वाटेवरची. छापायचं यंत्र करकर करत कागद काढू लागलं. अक्कांनी तो फाडला आणि अण्णांच्या हातात दिला. "टेंपो एवढ्याच दुकानांत धाडा. बाकीच्या मालाला हात लावायचा न्हाई." अण्णांनी कागद वाचला, परत वाचला. "एवढीच?" म्हणाले. "एवढीच," अक्का म्हणाल्या. संध्याकाळी टेंपो आला तो पावही भरलेला नव्हता. मागं खड्डा काढायची गरज पडली नाही, बारक्या घमेल्यांनी काम झालं.

पण पडद्यावर अक्कांना आणखी एक गोष्ट दिसली होती. मीठ निम्मं. आम्ही मागून ओरडून सांगितलेला आकडा सुहासनं तसाच घातला होता, ताळा बघितलाच नव्हता. त्यांनी सुहासला विचारलं. तो बिचारा घाबरून म्हणाला, "मीठ वाढलं असं त्यांनीच मला सांगितलं. म्हणून मी थांबवलं." क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग अक्कांना हसू फुटलं. खुर्चीत मागं रेलून, पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हौसाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "अरं माझ्या लेकरा, वाढलं म्हंजे ऱ्हायलं न्हाई." सुहास म्हणाला, "मग राहिलं नाही असंच का म्हणत नाही तुम्ही?" त्याचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. त्याचा चेहरा एवढा पडला होता की मलासुद्धा हसू आलं.

अण्णा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बायकांना शिकवा. उद्यापासनं संपलं म्हणा म्हणावं. कारखाना हाय ह्यो, सैपाकघर न्हवं." अक्कांनी डोळे पुसले. "होगली बिडरी," म्हणाल्या, म्हणजे जाऊ द्या हो. "भरल्या घरात त्यांनी आजवर तसं म्हटलं न्हाई. आता माझ्यात येऊन म्हणायचं व्हय? पेटीला शिकवा की. पेटी शिकायलाच आलीया." आणि सुहासनं खरंच पेटीला शिकवलं. पुढं कुठलाही माल खलास झाला की पडद्यावर लाल अक्षरांत यायचं, वाढलं. तीळ वाढले. खोबरं वाढलं. बाहेरचं कुणी कारखाना बघायला आलं की बुचकळ्यात पडायचं, आणि सुहास मोठ्या अभिमानानं त्यांना त्याचा अर्थ सांगायचा.

दुसरी गोष्ट अक्कांनी करायला लावली ती चवीची. प्रत्येक घाण्याला एक चौकट. चव कुणी घेतली, त्याचं नाव. ते नाव घातल्याशिवाय पेटी पुढचा नंबरच देत नाही. त्या एका दिवशी चव घ्यायला कुणी नव्हतं, हे त्यांना मिठापेक्षा जास्त लागलं होतं. तेव्हापासून त्या चौकटीत एकच शब्द पडत गेला, अक्का. ताप असला तरी येऊन चव घेऊन जायच्या. लेकाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागलेल्या हातांनी आल्या होत्या.

मला त्या आपल्यानंतर चव घ्यायला लावायच्या. का, कधी सांगितलं नाही. उरलेला भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "कसं हाय?" मी मान हलवायची. एकदा मला खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मान हलवलेली हिला दिसत न्हाई गं नेसरीची. तोंडानं सांगाय पायजे." मी खाली बघत राहिले. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुकडा, पुन्हा तेच, कसं हाय. मी बोलत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी त्या विचारायच्या थांबल्या नाहीत. कधीमधी मी "जरा..." एवढंच म्हणायची, तेवढ्यावर त्या ओळखायच्या की धणे जास्त भाजलेत की लसूण कमी आहे. आम्हा दोघींचं सगळं बोलणं एवढंच. पण ते कमी होतं असं मला कधी वाटलं नाही. नृसिंहवाडीला आम्हा सगळ्यांना टेंपोतून नेलं होतं तेव्हाही घाटावर माझ्याशेजारी येऊन बसल्या, पाण्यात पाय सोडून, आणि बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. हौसाबाई म्हणाली, "बसल्यात बघा दोघी, पाण्याची चव घेत."

शेड वाढली. सुहासचं लग्न झालं, तो पुण्याला गेला, पण फोनवर विचारलं की सांगायचा. पेटीची जागा सपाट पडद्यानं घेतली. मी देठावरून भाजणीवर आले, भाजणीवरून मिठावर. लेकीला बारावीपर्यंत शिकवलं, ती ह्या शेडच्याच जिवावर. अण्णा कुरकुरत का होईना, रोज दुपारी येऊन जायचे, खिडकीतून पडद्याकडं बघायचे. गुळाच्या व्यापाऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

अक्कांचं दिवसकार्य झालं, तरी शेडला कुलूप होतं. आम्ही रोज येऊन कट्ट्यावर बसायचो आणि परत जायचो. अण्णांनी आता घरीच बसावं, असं लेकाचं म्हणणं आहे, एवढं कानावर आलं होतं. एक दिवस अण्णा रिक्षातून उतरले. एकटेच. कुलूप काढलं, आणि म्हणाले, "बसलाय काय? लावा." एवढंच. आम्ही चुली पेटवल्या. मिरची भाजायचा ठसका उठला तेव्हा ते काचेच्या खोलीत जाऊन खोकत बसले. घाणा उतरला. अण्णांनी एका बोटानं सगळं भरलं आणि चवीच्या चौकटीशी येऊन थांबले. खिडकी उघडून म्हणाले, "ही पुढं जाईना. कुणाचं नाव घालू?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. अण्णांनी खिशातून एक पांढरं फडकं काढलं, टेबलावर ठेवलं आणि उघडलं. ज्वारीच्या भाकरीचा चतकोर. सुनेला सांगून करून आणला होता. माझ्याकडं सरकवला आणि पडद्याकडं तोंड फिरवून बसले.

मी घेतला. गरम चटणी लावली, खाल्ली. लसूण नीट, मीठ नीट, धण्याचा वास जसा यायला पाहिजे तसा. मग मी खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "चांगली झालीया. पार्वतीचं नाव घाला."

अण्णांनी वळून बघितलं. "पार्वती कोण?"

"मीच."

"आगं, मला वाटायचं तुझं नाव नेसरीचीच हाय," अण्णा म्हणाले, आणि हौसाबाई इतक्या मोठ्यानं हसली की भाजणीवरच्या बायका काय झालं म्हणून धावत आल्या. त्यांना सांगितलं तशा त्याही हसल्या. अण्णा बोटानं अक्षरं शोधत होते. प सापडायला त्यांना वेळ लागला. पेटीनं पुढचा नंबर दिला.

आता रोज चतकोर येतो. अण्णा तो टेबलावर ठेवतात, मला हाक मारत नाहीत, मीही काही विचारत नाही. तुकडा मोडून घेतला की माझी पाठ आपोआप सगळ्यांकडं होते आणि तोंड भिंतीकडं. त्या जागी भिंतीचा चुना जरा मळलेला आहे. अक्का तिथं कपाळ टेकवायच्या, हे मला आत्ता कळलं. विभूतीचा पांढरा पट्टा अजून आहे. शेड रंगवायची म्हणून लेक परवा माणूस घेऊन आला होता. अण्णांनी त्याला सगळी शेड दाखवली, आणि त्या भिंतीपाशी आल्यावर म्हणाले, "हिला न्हाई. ही हाय तशी ऱ्हाऊ दे."